रुखवतातले पाच पाहुणे

मला बघायला आलेल्या पाच जणांच्या मी बाहुल्या केल्या होत्या, ही गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती. दुसऱ्या मुली नकार आल्यावर रडतात, किंवा सोळा सोमवार धरतात. मी मांजरपाट आणला.

मी मुळातच कमी बोलते. दहावीपर्यंत औरंगाबादला मावशीकडे राहून इंग्रजी शाळेत शिकले. त्यामुळे मला दोन भाषांत गप्प बसता येतं. परभणीला आईवडिलांकडे परत आले तेव्हा गल्लीतल्या बायकांनी माझं इंग्रजी ऐकायची बरेच दिवस वाट पाहिली आणि मग नाद सोडला. शाळेत शिवणाच्या तासाला आम्हाला रुमालावर आद्याक्षरं भरायला आणि चहाच्या किटलीला घालायची लोकरीची टोपी विणायला शिकवलं होतं. आमच्या घरी चहा पातेल्यात व्हायचा आणि पातेल्याला थंडी वाजत नसे. पण सुई हातात बसली ती बसली.

कॉलेजात नाव घातलं. पण ती वर्षं नामांतराची होती. विद्यापीठाचं नाव बदला म्हणून मोर्चा, बदलू नका म्हणून मोर्चा, मग बंद, मग एसट्या बंद, मग कॉलेजला सुट्टी. खेड्यांतून घरं जाळल्याच्या बातम्या यायच्या. ज्यांना ते नाव हवं होतं त्यांची घरं. आमच्याकडे त्या बातम्या हलक्या आवाजात वाचल्या जात, आणि पेपरची घडी घालून झाली की आई डाळ निवडायला घेई. वर्गात माझ्या शेजारी बसणारी एक मुलगी एका सुट्टीनंतर आलीच नाही. तिचं काय झालं ते कोणी विचारलं नाही. मीही नाही. गप्प बसण्याला आमच्या घरात शालीनता म्हणतात, म्हणून ही गोष्ट मुद्दाम लिहून ठेवते.

काका, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, आमच्या शेजारच्याच घरात राहत. ते मात्र मुळीच गप्प नव्हते. ओसरीवर बसून, येईल त्याला थांबवून म्हणायचे, "नाव म्हणजे काय सदरा आहे का, मळला की बदलायला? पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली गोष्ट असते ती!" विद्यापीठ तेव्हा जेमतेम वीस-पंचवीस वर्षांचं होतं. पण काकांच्या पिढ्या भराभर होत असाव्यात.

तर अशा लांबलेल्या सुट्ट्यांत मी बाहुल्या करायला लागले. कोपऱ्यावरच्या टेलर मास्तरांकडून कापडाच्या चिंध्या आणायच्या. मांजरपाट चहाच्या पाण्यात बुडवून कातडीचा रंग काढायचा. गोऱ्या माणसाला एक उकळी, सावळ्याला तीन. कापसाला आमच्या जिल्ह्यात काय तोटा? नाकासाठी आत कापसाची गोळी सारून दोन्ही बाजूंनी दोरा ओढायचा. दोरा किती ओढला त्यावर माणसाचा स्वभाव ठरतो. जरा जास्त ओढला की कुरकुऱ्या, कमी ओढला की भोळा.

आईला त्या पसंत नव्हत्या. "बाहुली कशी गोड पाहिजे. हिला दोन हनुवट्या कशाला दिल्यास?"

आहेत म्हणून दिल्या, असं मी मनात म्हणाले. माझी बहुतेक चांगली उत्तरं तिथेच होतात.

ती दोन हनुवट्यांची बाहुली समोरच्या घरातल्या बाईंची होती. एकदा त्या दही मागायला आल्या आणि कपाटावरची बाहुली हातात घेऊन पोट धरून हसल्या. "अगं, ही तर हुबेहूब माझी जाऊ!" म्हणाल्या. तेव्हापासून मी निर्धास्त झाले. माणूस आरशात स्वतःला रोज बघतो, पण ओळखतो दुसऱ्यालाच.

मग जिंतूरचे लोक मला बघायला आले. बंदमुळे दोनदा पुढे गेलेला कार्यक्रम तिसऱ्यांदा जमला. पाच जण होते. मुलगा, तो जिंतूरला बँकेत होता. मुलाची आई. मुलाची मावशी. मुलाचे मामा, येलदरीकडे शेती असलेले, भरघोस मिशीचे. आणि पाचवे मध्यस्थ, ज्यांचं त्या संसारात काही नव्हतं पण पोह्यांत होतं.

मी पाटावर बसले. आईने आदल्या दिवशी तीनदा बजावलं होतं, "विचारलं तर बोल गं बाई." त्यांनी विचारलंही. पण एका वेळी दोघं विचारायचे, आणि मी पहिल्याचं उत्तर जुळवेपर्यंत तिसऱ्याचा प्रश्न यायचा. मध्यस्थ म्हणाले, "इंग्रजी शाळेतली आहे, दोन वाक्यं बोलून दाखव बघू पाहुण्यांना." मी त्यांच्याकडे बघितलं. बोलले नाही. मुलाच्या आईने मला उठवून खिडकीपाशी उभं केलं, हनुवटी धरून तोंड इकडेतिकडे वळवलं आणि म्हणाल्या, "रंग ठीक हाय. उजेडात बगितलेलं बरं आसतं." मावशींनी पोहे कोणी केले ते विचारलं आणि उत्तर यायच्या आत दुसऱ्यांदा घेतले. मुलगा सगळा वेळ मान वर करून पंख्याकडे बघत होता. त्याने एकच प्रश्न विचारला, तोही माझ्या वडिलांना. "पंखा किती नंबरवर आहे?"

मी आत गेले. आमच्या बैठकीत आणि माजघरात एक पडदा आहे. पडदा म्हणजे भिंत, असा बाहेरच्यांचा समज असतो. मामांचा आवाज आला, "पोरगी मुकी आसंल तरी चालंल हो. पण आधी सांगाय पायजे का न्हाई?"

आठ दिवसांनी मध्यस्थांचं कार्ड आलं. योग नाही. योगाला आमच्याकडे बिचाऱ्याला फार कामं असतात.

त्या पाच बाहुल्यांना महिना लागला. मामांचं धोतर वडिलांच्या जुन्या धोतराचं, मिशी काळ्या लोकरीची, चांगली बोटभर. मुलाच्या आईला इरकली काठाचं लुगडं आणि जरा उंच ओढलेलं नाक. मावशींचा एक गाल कापूस जास्त भरून फुगवला, कारण त्यात पोहे होते. मुलाची मान मी मागे वळवून दुहेरी दोऱ्याने पक्की शिवली, म्हणजे त्याला जन्मभर पंखा दिसत राहावा. प्रत्येकापुढे सोड्याच्या बाटलीचं झाकण ठेवलं, त्यात पिवळ्या दोऱ्याचे पोहे. आणि प्रत्येकाच्या पोटात, शिवण घालायच्या आधी, एक चिठ्ठी. त्या दिवशी जो जे बोलला ते, इंग्रजीत. शाळेच्या फीचा घरच्यांना काहीतरी उपयोग व्हायला हवा होता.

सहावी बाहुली, पाटावर बसलेली, मी केली नाही. मला जमली नसती.

चारेक महिन्यांनी तेच मध्यस्थ परत आले, पण ह्या वेळी आमच्या दाराशी न थांबता काकांकडे गेले. तेच जिंतूरचे लोक, तोच मुलगा. माझ्या चुलत बहिणीला बघायला. माणूस काटकसरी असावा तर असा. गाव तेच, गल्ली तीच, नुसतं एक दार पुढे. ताई माझ्याहून एक वर्षाने मोठी आणि तोंडाने मोकळी. तिने मामांनाच विचारलं म्हणे, की येलदरीच्या धरणात मासे किती मोठे असतात. मामा खूश. पसंती जागच्या जागी.

मला वाईट वाटलं का? ताईबद्दल नाही. मुलगा काही वाईट नव्हता. त्याच्या गळ्याचा घाट मला फार चांगला माहीत होता.

लग्न ठरलं की काकूंना सगळ्यात पहिल्यांदा आठवलं ते रुखवत. ताईला सुईत दोरा ओवता येत नव्हता, पण ह्या गोष्टीने आजवर कोणाचं रुखवत अडलेलं नाही. मुलीने स्वतःच्या हाताने केलेल्या वस्तू म्हणून जे काही मांडवात मांडतात, ते अर्धं मावश्यांनी केलेलं असतं आणि अर्धं मागच्या लग्नातून आलेलं असतं. थर्माकोलचा ताजमहाल काकूंच्या भाचीकडून आला. त्याचं ते तिसरं लग्न. वायरचे पोपट, लोकरीचं कुत्रं, सुपारीचे भटजी आणि भटजीण, मॅटीवर भरलेलं सुस्वागतम. आणि मग काकू आमच्याकडे आल्या.

"तुझ्या त्या बाहुल्या दे गं. समोरच्या बाई सांगत होत्या, लय झकास करतेस म्हणून."

मी कपाट उघडलं. समोरच्या बाईंची बाहुली, टेलर मास्तर, कॉलेजचे एक प्राध्यापक, अशा पुढे काढून ठेवल्या. काकूंची नजर मागच्या लोखंडी पेटीवर गेली. झाकण उघडंच होतं.

"हा बघ की सेट! पाच जण जेवायला बसलेले. किती छान! हेच देऊन टाक."

त्या दिवशी पोह्यांच्या बशा काकूंनीच आणून ठेवल्या होत्या. मुलाच्या आईला नमस्कार त्यांनीच घातला होता. तरी त्यांना ओळखू येईना. नको म्हणायचं तर का नको ते सांगावं लागलं असतं. का ते सांगितलं असतं तर पाचही जण थेट चुलीत गेले असते. आणि न सांगावं तर लग्नाच्या दिवशी सासूबाईंसमोर सासूबाई, मामांसमोर मामा. ताईचं लग्न मोडलं असतं ते माझ्या सुईने. मी तोंड उघडलं.

"हो," म्हणाले.

ताईच उलट म्हणाली, "आई, मी केल्यात असं मी सांगणार नाही हं. मला खोटं बोलताना हसू येतं."

"कोण विचारायलंय तुला!" काकू म्हणाल्या, आणि ते खरंच होतं.

काकूंनी प्रत्येक वस्तूसाठी पुठ्ठ्याची कार्डं लिहून घेतली. हस्तकला, आणि खाली नाव. आता आमच्याकडे लग्नात मुलीचं पाळण्यातलं नाव सासरचे बदलतात. जिंतूरहून नवं नाव पत्रातून आलं होतं आणि काकांनी उलट टपाली कळवलं होतं, की त्यांचं घर, त्यांची मर्जी, नाव छानच आहे. सदऱ्याचा विषय त्या आठवड्यात ओसरीवर निघाला नाही. काकूंनी विचार केला, की नंतर परत कार्डं बदलत बसायला नको. म्हणून सगळ्या कार्डांवर नवंच नाव घातलं. म्हणजे ज्या बाईने ह्या बाहुल्या केल्या असं तिथे लिहिलं होतं, ती बाई लग्नाच्या दिवशी दुपारी मुहूर्तानंतर अस्तित्वात येणार होती.

लग्नाच्या आदल्या दुपारी मंगल कार्यालयात रुखवत मांडलं. काकूंनी माझे पाच जण सतरंजीच्या तुकड्यावर ओळीने बसवले, पुढ्यात पोहे ठेवले, आणि समोर जागा रिकामी दिसली म्हणून तिथे ताजमहाल ठेवला. आता ते पाचही जण ताजमहाल बघायला आल्यासारखे दिसत होते. रंग ठीक हाय, उजेडात बगितलेलं बरं.

बायका बांगड्या भरायला आत गेल्यावर मी ब्लेड घेऊन तिथे बसले. पाचांना वेषांतर करायचं असं ठरवलं होतं. सासूबाईंच्या नाकाचा दोरा सैल करायला गेले तर नाक अजूनच वर गेलं. मुलाची मान खाली येईना. दुहेरी दोरा, स्वतःच्या हाताने घातलेला. शेवटी मामांची मिशी तेवढी उसवता आली. ती मी रुमालाच्या टोकाला गाठ मारून ठेवली. मिशी काढल्यावर मामा कोणीतरी भलतेच दिसायला लागले. निदान एक तरी माणूस वाचला, असं वाटलं.

"काय करायलीस गं तिथं?" काकूंनी लांबूनच विचारलं.

"धूळ झटकायलेय."

दुसऱ्या दिवशी सकाळी जिंतूरहून वऱ्हाडाची खास एसटी आली. पहिल्यांदा उतरले मामा. त्यांना मिशी नव्हती.

लग्नाच्या गर्दीत सलूनवाल्याने एक बाजू जरा जास्त उडवली, मग दुसरी बाजू बराबर करता करता, मग परत पहिली, असं करत करत सगळीच गेली, हे त्यांनी उतरल्या उतरल्या स्वतःच सगळ्यांना सांगितलं. वऱ्हाड हसत होतं. मी खांबाला धरून उभी राहिले. जिल्ह्यात इतके पुरुष, इतक्या मिश्या. त्यातली एक मी उसवावी, आणि तीच नेमकी त्या सकाळी जावी.

नाश्ता झाल्यावर वरपक्षाला रुखवत दाखवायला आणलं. नवरदेवही होते. पोपटांचं कौतुक झालं. कुत्र्याला कोणीतरी मेंढी म्हणालं. मग मावशी सतरंजीपाशी वाकल्या.

"अगं माय! हे बगा, हे तर आपले दादा हायत!"

"कुठं?" मामा पुढे आले. "ह्याला मिशी कुठाय?"

"तुमाला तरी कुठाय आज!"

हशा झाला. मामांनी बाहुली उचलली, लांब धरली, जवळ धरली. माझ्या रुमालाची गाठ हाताला घट्ट लागत होती.

"आन् ही कोण?" सासूबाईंनी स्वतःला हातात घेतलं होतं. "नाक बगा कसं उडवलंय. नांदेडच्या वन्सं हायत ह्या, दुसरं कोणी न्हाई."

"ही मातुर कोण की," मावशी स्वतःच्या बाहुलीच्या फुगलेल्या गालाला बोट लावून म्हणाल्या, "लय खादाड दिसायली."

नवरदेवांनी आपली बाहुली बघितली. मुंडावळ्या बाजूला सारून परत बघितली. मग त्यांनी मान वर केली. तिथे कार्यालयाचा पंखा होता. मान झटकन खाली आली. त्यांना कळलं, असं मला तेव्हा वाटलं. पण ते काही बोलले नाहीत. गप्प बसणाऱ्या माणसाबद्दल मला नेहमीच आदर वाटत आला आहे.

मामा सगळ्यांपेक्षा खूश होते. "आमचा फोटो बी कधी आसा आला न्हाई. सोसायटीच्या कार्डावर तर मी चोरावानी दिसतो. कोणी केलं हे?" त्यांनी कार्ड वाचलं. "म्हंजी आपल्या सूनबाईच की! बोलवा त्यांना."

पिवळ्या साडीतली ताई, कोपरापर्यंत हिरवा चुडा भरलेली, दोन्ही हात अधांतरी धरून आली.

"सूनबाई, लय नामी केलंय. पण एवढी मिशी लावून द्या. आमची काय, उगवंल आठ-पंधरा दिवसांत. बाहुलीची कुठून उगवायची? घ्या, हितंच लावा, आमी बगतो कसं करता ते."

लग्नघरात वेळेला भटजी सापडत नाहीत, पण सुई-दोरा लगेच सापडतो. कोणीतरी तो ताईच्या हातात दिला. ताईने सुईकडे दवाखान्यात बघतात तसं बघितलं. तिला हसूही येत नव्हतं. तिने आईकडे बघितलं. काकूंनी ताजमहालाकडे बघितलं. मग ताईने माझ्याकडे बघितलं. ती काही बोलली नाही. ताई कधी गप्प बसलेली मी त्याआधी पाहिली नव्हती.

"ह्या मी केल्यात," असं कोणीतरी म्हणालं.

आवाज माझाच होता. ओळखायला थोडा वेळ लागला.

मामांनी वळून माझ्याकडे बघितलं. वरून खाली, मग परत तोंडाकडे. "आँ? आक्का, ही ती पहिली पोरगी न्हवं का, आपण बगून गेल्तो ती? मुकी?" आणि मग, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं, "आरं, ही बोलती की!"

मी पुढे गेले, रुमालाची गाठ सोडली आणि मिशी काढली. हातरुमालात मिशी बाळगणारी मुलगी त्या मांडवात दुसरी कोणी नसावी, पण हे कोणाच्या लक्षात आलं नाही. मी ताईच्या हातातून सुई घेतली.

"दोघींनी मिळून केल्यात हो," काकू म्हणत होत्या, "दोघींनी मिळून. लहानपणापासून सगळं मिळूनच करतात."

मामा माझ्यासमोर वरचा ओठ ताणून, हलायचं नाही म्हणून श्वास रोखून बसले, जशी सुई त्यांनाच लागणार होती. मी पाच टाके घातले. सहावा घालायच्या आत भटजींनी मुहूर्ताची ओरड केली आणि सगळे उठून पळाले. पाच जणांची ती ओळ, पोहे, पंखा, हे सगळं एका नजरेत बघायला कोणाला वेळच झाला नाही. आमच्या लग्नांत मुहूर्त पाळतात तो ह्यासाठीच असावा.

मग ताम्हणातल्या तांदळावर अंगठीने ताईचं नवं नाव लिहिलं. दोन मिनिटं लागली. कुठे बंद नाही, मोर्चा नाही, एक काच फुटली नाही. काका डोळे पुसत होते.

रुखवत रिवाजाप्रमाणे मुलीबरोबर सासरी गेलं. एसटीच्या शेवटच्या बाकावर ताजमहाल, आणि त्याच्या मांडीला मांडी लावून माझे पाच जण. मी त्यांना हात केला नाही. मांडवात मी तोंड उघडलं म्हणून काकू पंधरा दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. आमच्या दोघींच्या संबंधांत त्याने विशेष फरक पडला नाही. मला मात्र पोटांची काळजी होती. मी केल्यात एवढं मी सांगितलं होतं, आत काय आहे ते नाही. आणि आता मालही तिकडे, ताईही तिकडे.

दिवाळी झाल्यावर ताईचं कार्ड आलं. तिच्या मानाने फारच छोटं. "मामांच्या बाहुलीची पोटाची शिवण उसवली आहे. ते म्हणतात जिने केली तिलाच बोलवा. ये." नवं नाव खाली सही म्हणून घातलं होतं, अक्षर जुनंच होतं.

मी दोन दिवस पोट दुखतंय म्हणून सांगितलं. तिसऱ्या दिवशी सुया, दोरे आणि थोडा कापूस पिशवीत घालून जिंतूरची एसटी धरली. कापूस न्यायची काही गरज नव्हती. वाटेत दोन्ही बाजूंना शेतात तोच होता, फुटलेला.

ताईच्या घरी बैठकीत काचेचं शोकेस होतं. आत चार जण. पाचवा मामांच्या मांडीवर होता, पोट उघडं, कापूस बाहेर. मामांची स्वतःची मिशी परत आली होती, पूर्वीपेक्षा चांगली. नवरदेव, म्हणजे आता भाऊजी, कोपऱ्यात पेपर उघडून बसले होते, पण पान उलटत नव्हते. ताई दारात उभी होती. तिने मला पाणी दिलं आणि हात जरा जास्त वेळ धरून ठेवला.

मामांनी खिशातून माझी चिठ्ठी काढली. घडी चांगलीच मळली होती. बरेच दिवस खिशात असावी.

"भाच्यानं वाचून दावली," ते म्हणाले. "पोरगी मुकी आसंल तरी चालंल. आमी आसं बोललो व्हतो?"

"हो."

"पडद्याआड ऐकू येतं व्हय?"

"हो."

मामा मिशीवरून हात फिरवत बसले. मला वाटलं आता ताईला ऐकवतील, काकांना पत्र जाईल. मग मामांची नजर शोकेसकडे गेली.

"ह्या चौघांच्या बी पोटात हाय का?"

"आहे."

भाऊजींनी पेपर थोडा वर घेतला. सासूबाई चहा घेऊन येत होत्या, त्या ट्रे हातात धरून तिथेच थांबल्या. "माझ्या पोटात काय हाय?"

"ऱ्हाऊ दे आक्का," मामा म्हणाले.

"का ऱ्हाऊ दे? तुजं तू वाचलंस न्हवं?" म्हणजे त्या बाहुलीतल्या नांदेडच्या वन्सं मधल्या काळात कधीतरी घरी परतल्या होत्या. त्यांनी ट्रे खाली ठेवला आणि माझ्यासमोर ताठ बसल्या. "सांग तू."

मी सांगितलं. रंग ठीक हाय, उजेडात बगितलेलं बरं आसतं. त्यांच्याच आवाजात सांगितलं गेलं. मला ते वाक्य दुसऱ्या आवाजात येत नाही.

खोलीत पंखा चालू होता. कितीवर ते कोणी विचारलं नाही.

"हनुवटी धरली व्हती मी हिची," त्या मामांना म्हणाल्या, माझ्याकडे न बघता. "मला बी माज्या सासूनं आसंच केल्तं. खिडकीपाशी नेऊन." मग पदराने नाक पुसून, जरा रागानेच, "पण माजं नाक आसं न्हाई."

"हाय," मामा म्हणाले.

त्यांनी चिठ्ठीची घडी घातली, बाहुलीच्या उघड्या पोटात ठेवली आणि बाहुली माझ्या मांडीवर दिली. "शिव. आमचंच बोलणं हाय, आमच्याच पोटात ऱ्हाऊ दे. दुसऱ्यानं किती दिस संभाळायचं?"

मी पिशवीतून सुई काढली. त्या कोपऱ्यात अंधार होता, दोरा ओवता येईना. एकदा चुकला, दोनदा चुकला. सगळे माझ्याकडे बघत होते आणि कोणीच काही विचारत नव्हतं.

"तिथं दिसायचं न्हाई तुला," सासूबाई म्हणाल्या आणि उठून खिडकीपाशी पाट टाकला. "हिकडं उजेडात बस."

मी जाऊन बसले. टाके ह्या वेळी मोठे घातले, परत उसवायचे झाले तर सोपे जातील असे.